आप्पा गडहिंग्लजला गेले आहेत

एका रविवारी सकाळी आप्पांचे दोन मित्र आमच्या दारात आले. आप्पा कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गडहिंग्लजला अक्काकडे गेले आहेत. ते दोघे परत गेले. आप्पा आतल्या खोलीत होते.

एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. हे मी माझ्या बायकोला, सुमनला, सांगितलेलं नाही. मुलाला नाही. अक्काला — माझ्या बहिणीला — तर नाहीच, आणि तिला सांगायला हवं होतं. ती गेल्या महिन्यात गेली. तुम्ही मला ओळखत नाही, मीही तुम्हाला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच लिहिता येतंय.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? दारात आलेल्याला ‘घरात नाहीत’ म्हणून कोण सांगत नाही? मीही पुष्कळ दिवस मनाशी हेच म्हणत होतो. पण मला सांगायचं आहे ते हे खोटं नव्हे. ते याच्या पुढं आहे. तिथवर मी जाईन — जरा हळू जाईन, एवढंच.

आप्पा म्हणजे माझे वडील. गुळाच्या बाजारात एका अडत्याकडे त्यांनी जन्मभर दिवाणजी म्हणून काम केलं. आम्ही कोल्हापुरात गंगावेशीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. संध्याकाळी चौकात म्हशी येत. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढायचा आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. त्याला आमच्याकडे दूधकट्टा म्हणतात. आप्पा तरुणपणापासून तिथं जात. दूध पिऊन झालं की शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसायचं, दिवेलागणीपर्यंत. सोबतीला बाळू पैलवान, मुल्लाचाचा आणि आणखी दोघे. आधी गप्पा कुस्तीच्या आणि गुळाच्या दराच्या असत. पुढं पुढं कुणाचा मुलगा पुण्याला गेला, कुणाची सून वेगळी निघाली, कुणाचा गुडघा धरला — हेच राहिलं. पायरी तीच होती, माणसंही तीच. फक्त ती सगळी एकदमच म्हातारी झाली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. दुसरा मजला. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, सुमन प्राथमिक शाळेत होती, मुलगा शिकायला पुण्याला. आई केव्हाच गेली होती. म्हणजे सकाळी आम्ही दोघं निघालो की आप्पा एकटे. संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून कट्ट्यावर सोडायचो आणि पुन्हा आणायचो. ते काम मला आवडायचं, हेही सांगायला हवं. पाठीमागं बसून ते रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाच्या मूळ मालकाचं नाव सांगायचे.

मग ते विसरू लागले. सुरुवातीला नावं, मग वार, मग दार. एकदा दुपारी बाहेर पडले आणि शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मेंदू थकलाय, सांभाळा. सांभाळायचं म्हणजे काय? घरात माणूस नव्हतं. दिवसभर थांबणारी बाई शोधली, ती दोन आठवड्यांत सोडून गेली. आम्ही दाराला बाहेरून कुलूप लावायला लागलो. त्या काळात आमच्या इमारतीत आणखी एका दाराला असं कुलूप असायचं. त्या घरच्या बाई आणि सुमन जिन्यात भेटल्या की एकमेकींच्या हातातल्या किल्ल्यांकडे बघत नसत.

पण कुलपाचं मी लिहीत नाहीये. कुलपाला निदान आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

कट्ट्यावर एका संध्याकाळी आप्पा दूध प्यायले, पेला परत दिला, आणि तिथंच म्हशीच्या बाजूला धोतर वर करून बसले. भर चौकात. लोक थबकले. माझी एक विद्यार्थिनी तिच्या आईबरोबर समोर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. मी जागचा हललो नाही. बाळू पैलवान उठला. खांद्यावरचा टॉवेल आप्पांच्या कमरेभोवती धरून उभा राहिला आणि लोकांवर ओरडला, “बघताय काय रं? म्हस करत्या ती चालतंय व्हय तुम्हास्नी? म्हाताऱ्यानं केलं तर काय गंगा बाटली?” गवळी हसला. मुल्लाचाचा हसले. आप्पाही हसले. दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी होतं.

माझ्या मनात मात्र काहीच जागच्या जागी आलं नाही. मी आप्पांना पुन्हा कट्ट्यावर नेलं नाही. सुमनला सांगितलं, त्यांना दगदग होते. आप्पा संध्याकाळी टोपी घालून दाराशी उभे राहायचे. मी म्हणायचो, आज पाऊस आहे. आज स्कूटर बंद आहे. आज म्हशी आल्या नाहीत.

आणि मग तो रविवार. सुमन मंडईत गेली होती. पैलवान आणि मुल्लाचाचा गंगावेशीतून चालत आलेले, दोन जिने चढून. पैलवानाचे गुडघे गेलेले होते. कठड्याला धरून तो धापा टाकत होता.

“काय प्रोफेसर, गडी कुठाय आमचा? येत न्हाय, जात न्हाय. म्हटलं, मेला का जित्ता हाय बघून तरी येऊया.”

मी दार अर्धंच उघडलं होतं. आप्पांनी सकाळीच कपडे ओले केले होते आणि मी ते अजून बदलले नव्हते. घरात वास होता. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतोय.

“आप्पा गडहिंग्लजला गेलेत,” मी म्हणालो. “अक्काकडे. आता तिकडेच राहतील.”

“आँ? लेकीकडं?” पैलवान एवढ्या मोठ्यानं हसला की जिना घुमला. “आन् खातोय काय तिथं? का रोज ष्टँडावरची भजीच?”

“अल्ला! जेवत असेल आता,” मुल्लाचाचा म्हणाले. “या वयात कसला नेम!”

“त्यो? त्यो मरंल पर लेकीच्या घरचं खायचा न्हाय,” पैलवान म्हणाला. “लिहून देतो की.” मग खाली उतरताना ओरडून म्हणाला, “आल्यावर धाडा कट्ट्यावर. पायरी मोकळी ठेवलीया म्हणावं.”

ते हसले ते का, हे सांगायला हवं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्न घेऊ नये, अशी जुनी रीत आहे. आता कोणी पाळत नाही. आप्पा पाळायचे. अक्काला मूल झालं नाही. त्यामुळे रीत संपायची वेळच आली नाही. वर्षातून दोनतीनदा ते गडहिंग्लजला जायचे, एसटी स्टँडवर भजी-पाव खायचे, पाणी घरून नेलेल्या तांब्यातलं, आणि लेकीच्या ओट्यावर तासभर बसून परतीची गाडी धरायचे. अक्का दर वेळी ताट वाढायची. दर वेळी ते म्हणायचे, “नको बाळ, आत्ताच ष्टँडावर खाल्लं.” त्यात प्रेम नव्हतं असं नाही. पण त्या एका वाक्यानं अक्काला दर वेळी आठवण करून दिली जायची, की तिला मूल नाही.

मी दार लावून आत आलो. आप्पा पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. पैलवानाचा आवाज त्यांनी ऐकला होता. मला वाटलं, ते चिडतील. खरंतर चिडायला हवे होते. ते खोलीभर नजर फिरवत होते — खिडकी, कपाट, भिंत. मग हळू आवाजात म्हणाले, “गडहिंग्लजला कधी आलो रे आपण?”

मी काय म्हणायला हवं होतं?

मी म्हणालो, “पडा जरा आप्पा.”

दुपारी सुमननं ताट आणलं. आप्पा हात जोडून म्हणाले, “नको वहिनी, आत्ताच ष्टँडावर खाल्लं.” ते तिला अक्काची थोरली जाऊ समजत होते. सुमन हसली आणि मग तिनं ताट झाकून ठेवलं. तिला वाटलं, दुखणं वाढलं. तिला तसंच वाटत राहिलं. ते वाक्य कुठून आलं हे तिला माहीत नव्हतं, कारण सकाळी जिन्यात काय बोलणं झालं ते मी तिला सांगितलं नाही.

आता मी तिथं आलो आहे.

त्या दिवसापासून आप्पा पाहुण्यासारखे राहू लागले. अंथरुणाची घडी घालून ठेवायचे. टोपी डोक्यावरून काढायचे नाहीत. पिशवी मांडीवर. “गाडी किती वाजता?” हे दिवसातून कितीतरी वेळा. पाणी घ्यायचे, ते स्वतःच्या तांब्यातून. कधी विसरायचे, म्हणजे आपण लेकीच्या घरी आहोत हेच विसरायचे, आणि त्या दिवशी लहान मुलासारखे भरभर जेवायचे. सुमन आनंदानं आणखी वाढायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळं विसरणाऱ्या माणसाच्या डोक्यात माझं तेवढं एक वाक्य कसं काय टिकलं? याचं उत्तर डॉक्टरांनाही देता आलं नसतं. त्यांना मी विचारलंही नाही.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा त्यांच्या समोर बसून म्हणालो, “आप्पा, हे कोल्हापूर आहे. हे आपलं घर आहे. जेवा.”

ते माझ्याकडे बघून हसले. अगदी जुनं, बाजारातलं हसणं. म्हणाले, “मास्तर, मला फसवतोस? माझं घर असतं तर गडी हाक मारायला आले नसते?”

बघा. त्यांनीच सांगितलं काय करायचं ते. पैलवानाला बोलावून आणायचं होतं. त्यानं दारातून एक शिवी हासडली असती तरी आप्पांना कळलं असतं, की ते कोल्हापुरात आहेत. नाहीतर स्कूटरवर बसवून कट्ट्यावर न्यायचं होतं, म्हशींचा वास पुरला असता. पण मग मित्रांना कळलं असतं, की मी दारात उभं राहून खोटं बोललो. प्राध्यापकानं बापाला कोंडून ठेवलं होतं, हे गंगावेशीत सगळीकडे झालं असतं. — मी नाही गेलो.

त्याऐवजी मी आणखी एक खोटं शोधलं. एका संध्याकाळी आप्पांना हात धरून खाली नेलं, इमारतीच्या पायऱ्यांवर बसवलं, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून कागदात भजी आणली आणि म्हणालो, “आप्पा, ष्टँड आला.” त्यांनी खाल्ली. सगळी खाल्ली. बोटं पुसून म्हणाले, “इथली भजी पहिल्यापास्नं बरी.” असं मी मोजक्या वेळा केलं. मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पायऱ्या उतरताना थांबून म्हणाले, “काय सर, बाबांना घरात जेवण नाही काय?” गंमत करत होते ते. दुसऱ्या दिवसापासून मी आप्पांना खाली नेणं बंद केलं.

म्हणजे मला कळत होतं. हे मला स्वच्छ लिहायचं आहे. त्यांना भूक होती, ते का खात नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि कशानं खातील हेही ठाऊक होतं. घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत एका ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय होता घरातल्या वडीलधाऱ्यांचं स्थान. मी बोललो. चांगलं बोललो. माणसं जास्त जगू लागली आहेत आणि घरं लहान होऊ लागली आहेत, असं काहीतरी. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. नारळ घेऊन मी घरी आलो आणि कुलूप काढलं.

अक्का महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीनं यायची. सोबत डब्यात काहीतरी असायचंच, आप्पांना आवडायचं म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि मऊ ज्वारीची भाकरी. तिला बघितलं की आप्पांची खात्रीच पटायची. लेक समोर आहे, म्हणजे हे लेकीचंच घर. तिनं दुधात भाकरी कुस्करून घास पुढं केला, की ते तोंड मिटून घ्यायचे. हात जोडायचे. “नको बाळ, आत्ताच ष्टँडावर खाल्लं.”

“आप्पा, आता तरी,” अक्का म्हणायची. “एक घास. कोण बघतंय?”

ते मान हलवायचे.

ती मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारून यायची. मला म्हणाली, “बाकी सगळं विसरले रे, माझं वांझपण तेवढं ध्यानात राहिलंय त्यांच्या.” मी तिथंच उभा होतो. मी बोलू शकलो असतो. अक्का, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. मीच त्यांना तुझ्या घरी पाठवलंय — एवढं एक वाक्य. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत आम्ही आंब्यांच्या भावाबद्दल बोललो.

एकदा ती म्हणाली होती, “मी नेते त्यांना माझ्याकडे. मी घरीच असते.” मी नको म्हणालो. मुलगा असताना बाप लेकीच्या दारात — लोक काय म्हणतील? असं म्हणताना मला हसू कसं आलं नाही? रडू तरी?

पावसाळ्याच्या अखेरीस आप्पा गेले. दुपारी, मी कॉलेजात असताना. सुमन घरी परतली तेव्हा ते पलंगावर होते, टोपी घातलेली.

मित्रांना कळवणं भाग होतं. मी सांगितलं, तब्येत बिघडली म्हणून कालच गडहिंग्लजहून इकडं आणलं होतं. तेही पटकन सुचलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात मृताला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. इमारतीच्या खाली आप्पांना बसवलं होतं, फुलांत. ते इतके थोडे उरले होते, की फुलंच जास्त दिसत होती. पैलवान काठी टेकत आला. मग अक्काकडे वळला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, तू केलंस बघ बापाचं. पोराला जमलं न्हाय, त्ये तू केलंस. इतकं म्हैनं सांभाळलास.”

अक्काला काहीच कळलं नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांच्या पायाशी उभा होतो. मला वाटतं, तिला तेव्हा अर्धं कळलं — मी लोकांना काय सांगत आलो होतो, तेवढं.

“एक सांग,” पैलवान म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. “जेवत व्हता का गं तुझ्या घरात? का शेवटापत्तूर नेमच?”

मुल्लाचाचा तिच्याकडे बघत होते. सगळेच बघत होते.

“व्हय काका,” अक्का म्हणाली. “जेवायचे. माझ्या हातनं जेवायचे.”

पैलवानानं डोळे मिटले. “मोडला म्हणायचा गड्यानं नेम,” म्हणाला. “बेस झालं.”

अक्कानं मला याबद्दल कधी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दिवसकार्याला नाही, नंतरच्या इतक्या वर्षांत नाही. दिवाळीला यायची, सुमनला साडी आणायची. तिचा नवरा वारला, ती त्या घरात एकटी राहू लागली. मी निवृत्त झालो. मुलगा परदेशी गेला. रविवारी त्याचा फोन येतो. तब्येत कशी आहे विचारतो, मी बरी आहे म्हणतो.

यंदा अक्का आजारी पडली, तेव्हा मी जाऊन राहिलो. तिच्या घरी, शेजारी राहणाऱ्या तिच्या पुतण्याच्या बायकोनं केलेलं दोन्ही वेळचं जेवलो. एका सकाळी ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “त्या दिवशी पैलवानकाकांशी मी खोटं बोलले. जेवायचे म्हणून.”

“हं,” मी म्हणालो.

“एक घास घेतला असता आप्पांनी, तर काय झालं असतं रे?”

ती माझ्याकडे बघत होती. ती थांबली होती. बाहेर ओट्यावर कुणीतरी धान्य पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “अगं, वय झालं होतं. त्यांना कळत नव्हतं काही.”

तिनं मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड केलं. चारपाच दिवसांनी ती गेली.

पैलवान तिच्याआधीच गेला, मुल्लाचाचाही. आप्पा का जेवत नव्हते, हे माहीत असलेला आता मी एकटा आहे.